एडका आणला, मग जुळी का नाही झाली?

प्रश्न: माझ्याकडं पन्नासेक दख्खनी मेंढ्या आहेत. गेल्या वर्षी जुळी देणाऱ्या नारी सुवर्णा जातीचा एडका आणला पण या वेताला सगळ्यांना एकएकच कोकरू झालं, फसलो का? आणि पोरगं म्हणतंय आता कळपात माडग्याळ जातीचा एडका पण सोडू, बन्नूरचा पण सोडू, मिक्स करून आपली स्वतःचीच जात काढू. जमंल का?
— एक मेंढपाळ, माण तालुका

उत्तर: फसला नाहीत हो. एडक्यामुळं तुमच्या आत्ताच्या मेंढ्यांना जुळी होत नाहीत, तो फक्त जुळ्यांचं जनुक पुढं देतो आणि ते दिसतं त्याच्या लेकी व्यायल्यावर, म्हणजे अजून थोडा दम धरा. एडक्यात ते जनुक डबल असलं तर सगळ्या लेकींना मिळतं, सिंगल असलं तर निम्म्यांनाच, आणि नुसतं बघून ते कळत नाही, रक्ताची डीएनए टेस्टच करावी लागते.

हे जनुक आलं सुंदरबनच्या गरोळ मेंढीतनं. ती जुळी-तिळी देते पण अंगानं अगदी बारकी, थेट क्रॉस केला की कोकराचं वजन पडतं. म्हणून फलटणच्या निंबकर संस्थेनं १९९०च्या दशकापासून गरोळ, दख्खनी आणि मांसासाठी बन्नूर असं पिढ्यान्‌पिढ्या जुळवलं, गरोळचा वाटा कमी करत नेला आणि जनुक मात्र टेस्ट करकरून टिकवलं, तीच ही नारी सुवर्णा. राजस्थानात अविकानगरला ‘अविशान’ जात केली तीपण तशीच, त्यात गरोळ फक्त साडेबारा टक्के, मालपुरा साडेसदतीस आणि निम्मी पाटणवाडी. वाटा आधी ठरवलेला, मग संकरातल्याच निवडक नर-माद्यांचा आपसात मेळ, पुन्हा निवड. दरवर्षी नव्याच जातीचा एडका सोडला तर कळप होईल, जात नाही होणार, आणि पन्नास मेंढ्यांत आपसातच फिरवत बसलात तर नात्यातलं रक्त एकत्र येईल. त्यामुळं स्वतःची जात काढायचं सध्या राहू द्या, पोराचा उत्साह चांगलाय तो वहीत लावा, कुठल्या मेंढीला कुठल्या एडक्याचं काय झालं, तिसऱ्या महिन्याला वजन किती भरलं, सगळं लिहून ठेवायला सांगा. लेकी वयात यायच्या आत हा एडका बदला, नाहीतर बाप-लेकीचाच मेळ होईल.

आणि खरी काळजी मला पुढचीच वाटते. दोन कोकरांना दूध पुरलं पाहिजे, त्यासाठी गाभणपणाच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात मेंढीला खुराक चालू करा, व्याल्यावर दोघांनाही लगेच चीक पाजा. कळप घेऊन वर्षभर रानोमाळ फिरत असाल तर व्यायच्या वेळेला निदान या लेकी तरी घरी ठेवा.