गाइड म्हणतात पेपरची भाषा फार साधी आहे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. काटोल-नरखेड भागातल्या विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर तुम्ही पहिला पेपर लिहिलाय. गाइड म्हणतात भाषा फार साधी आहे, रिसर्चसारखी वाटत नाही. सॉफ्टवेअरने आधी छापलेल्या मजकुराशी साम्य २८ टक्के दाखवलंय. आणि लॅबमध्ये एकदाही न आलेल्या एका वरिष्ठांचं नाव लेखकांत घालायला सांगितलंय. तुम्ही हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण इथे नागपुरात पाण्याच्या नमुन्यांवर बावीस वर्षं काम केल्यावर मला तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: काम कोणी, काय, किती केलं हे वाचणाऱ्याला कळू द्यायचं की नाही.

आधी भाषा. तुम्ही पाठवलेलं 'सुधारलेलं' वाक्य मराठीत असं होतं: "अभ्यासक्षेत्रातील विविध ठिकाणांहून भूजलाचे प्रातिनिधिक नमुने संकलित करून प्रमाणित पद्धतीने त्यांचे विश्लेषण करण्यात आले." विविध म्हणजे किती? प्रातिनिधिक हे कशावरून ठरलं? पद्धत कोणती? आता तुमचं मूळ वाक्य बघा: मे महिन्यात १८ गावांतल्या ४२ विहिरींमधून प्रत्येकी एक नमुना घेतला, बर्फाच्या पेटीत ४ अंशांवर आणला आणि २४ तासांच्या आत २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर नायट्रेट मोजलं. हे वाचून उद्या कोणीही तेच काम पुन्हा करून तुमचा आकडा पडताळू शकतो. पहिल्या वाक्यावरून कोणालाच काही करता येणार नाही. गाइडना हे मोठ्या आदराने पण नक्की सांगा. तुमचं वाक्य अजिबात बदलू नका.

एक शब्द मात्र तुमच्याही मसुद्यात खटकला. नायट्रेट 'लक्षणीयरीत्या' जास्त आढळलं, असं तुम्ही तीनदा लिहिलंय. इंग्रजीतला 'सिग्निफिकंट' संख्याशास्त्रीय चाचणी केली असेल तरच वापरा. नसेल केली तर सरळ लिहा, की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि इतक्या विहिरी त्याच्या वर गेल्या.

जड भाषेत काय काय लपतं ते मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो. माझ्या पहिल्या पेपरमध्ये ३८ नमुन्यांपैकी तीन आकडे भलतेच वर गेले होते. आलेखाची रेघ बिघडत होती. आम्ही लिहिलं, "तांत्रिक कारणास्तव काही नमुने वगळण्यात आले." पेपर तपासणाऱ्या रेफरीने एवढंच विचारलं: किती, कोणते, कारण काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. फील्डची वही काढली तेव्हा दिसलं, की तिन्ही विहिरी गोठ्याला लागून होत्या आणि दोन ठिकाणी उकिरडा वीस पावलांवर होता. परत गेलो. एका विहिरीचे मालक म्हणाले, "काहून बाप्पा, त्याच विहिरीचं पाणी पुन्हा नेऊन राह्यले?" पुन्हा मोजलं, आकडे जवळपास तेच आले. नायट्रेट शेतातल्या युरियातूनच येतं असं धरून चाललेल्या आम्हाला गोठ्याकडे बघायला त्या तीन आकड्यांनी भाग पाडलं, आणि आम्ही तेच फेकून देत होतो. तीन विहिरींवरून कारण सिद्ध होत नाही, म्हणून पेपरमध्ये तिन्ही आकडे ठेवले आणि शंका ही शंका म्हणूनच लिहिली. तुम्हीही एखादा नमुना वगळला असेल तर कोणता आणि का, ते पेपरमध्येच लिहा.

आता २८ टक्के. सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, चोरी झाली की नाही ते माणसालाच बघावं लागतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. संदर्भसूची, प्रमाणित समीकरणं, श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर हे त्यात मोजायचं नसतं. म्हणून आधी रिपोर्ट उघडून रंग कुठे लागलाय ते बघा. प्रस्तावनेत लागला असेल तर तो मूळ लेख मिटून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात काय म्हटलंय ते आईला सांगताय तसं मराठीत बोला आणि मग इंग्रजीत लिहा. संदर्भ तरीही द्यायचाच, कारण कल्पना त्यांची आहे. शब्द फिरवून देणाऱ्या टूलच्या नादी लागू नका. २०२१ मध्ये काही संशोधकांनी असे शेकडो पेपर उघडकीला आणले. त्यांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे 'बनावट जाणीव', झालं होतं. चॅटजीपीटीने भाषा तपासून घेतली असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. ते लेखक होऊ शकत नाही, कारण चुकीची जबाबदारी ते घेऊ शकत नाही.

वरिष्ठांच्या नावालाही हीच कसोटी लावा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आता इतर शाखांतही धरल्या जातात: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा मजकूर तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणाऱ्या वेकफिल्ड यांच्या १९९८ च्या पेपरवर आणखी बारा नावं होती. त्यांतल्या दहा जणांना २००४ मध्ये तो निष्कर्ष जाहीरपणे मागे घ्यावा लागला, आणि २०१० मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या जर्नलने पेपरच रद्द केला. तुम्ही समोरासमोर नाही म्हणू नका, तुमच्या जागी ते फार अवघड आहे. त्याऐवजी योगदानाचा तक्ता सगळ्यांना मेल करा आणि आपापला रकाना प्रत्येकाने स्वतः भरावा अशी विनंती करा. कोरा रकाना बघून बरेचदा माणूस स्वतःच आभारात नाव चालेल म्हणतो. लॅबमधले जे दादा तुमच्यासोबत उन्हात विहिरी फिरले, त्यांचं नाव मात्र त्यांना विचारून आभारात नक्की घाला.

तीन दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या जर्नलला पैसे पाठवू नका. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ पासून पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढलीय. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढं विचारून घ्या.

आणि पेपर पाठवायच्या आधी एक काम करा. ४२ विहिरींच्या मालकांना आपापला आकडा मराठीत, एका कागदावर लिहून नेऊन द्या. सहा महिन्यांच्या आतलं बाळ ज्या घरात आहे तिथे सर्वांत आधी जा, कारण जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं दूध त्या वयात रक्तातला प्राणवायू कमी करू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं, हे त्या कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहा.