दहापैकी दहावा

व्हिडिओ तयार करून आपल्या विषयातील जाणकार म्हणून ओळख मिळवू पाहणारी माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांची क्षेत्रे वेगवेगळी असतात. कोणी गणित शिकवते, कोणी कायदा समजावते, कोणी यंत्रदुरुस्ती दाखवते. प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो: ‘इतकी मेहनत करूनही आकडे वाढत नाहीत, मग लोक मला या क्षेत्रातला माणूस मानतील तरी का?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला वेगवेगळी उत्तरे देण्यापेक्षा एका गृहस्थांशी झालेला संवाद येथे मांडणे मला अधिक उपयोगाचे वाटते. ओळख पटू नये इतका तपशील अर्थातच बदलला आहे.

हे गृहस्थ फिजिओथेरपिस्ट. कंबर आणि मानेच्या दुखण्यांवरचे व्यायाम समजावून सांगणारे त्यांचे यूट्यूब चॅनेल होते. बोलणे स्पष्ट, विषयावर पकड उत्तम. पहिल्या भेटीत खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. यूट्यूब स्टुडिओमध्ये नव्या व्हिडिओची तुलना त्याच चॅनेलवरील अलीकडच्या व्हिडिओंशी करून क्रमांक दाखवला जातो. तेथे लिहिले होते, दहापैकी दहावा.

“मॅडम, आजवर सगळ्यात जास्त मेहनत मी याच व्हिडिओवर घेतली होती.”

“ही क्रमवारी कोणाकोणातली आहे?”

“माझ्याच आधीच्या व्हिडिओंमधली.”

“समजा, तुमचे दहाही व्हिडिओ अप्रतिम झाले. मग दहावा क्रमांक कोणाला मिळेल?”

ते थोडेसे हसले. “त्यांतल्याच एकाला. हे पटतं मला, पण रात्री झोप लागत नाही त्याचं काय?”

हा प्रतिप्रश्न रास्त होता. तर्क पटल्याने झोप येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. व्हिडिओ प्रसिद्ध केल्यापासून ते दर थोड्या वेळाने आकडे पाहत, मध्यरात्री जाग आली तरी पाहत. यात मनाचा दुबळेपणा शोधण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते की बक्षीस दर वेळी न मिळता अनियमितपणे मिळत राहिले, तर ते मिळवण्याची धडपड अधिक चिवट होते आणि बक्षीस बंद झाल्यावरही लवकर सुटत नाही. एखाद्या वेळी पडदा उघडला की आकडा अचानक वाढलेला दिसतो, आणि त्या एका वेळेसाठी माणूस पुढे कित्येकदा पडदा उघडत राहतो. म्हणून ‘आकडे पाहूच नका’ असा उपदेश मी कधी करत नाही. आठवड्यातून एक ठरलेला वार, एक ठरलेली वेळ आणि पाहताना हाताशी वही, एवढेच आम्ही ठरवले. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या होत्या: प्रेक्षक व्हिडिओ नेमक्या कोणत्या क्षणी सोडून गेले, आणि त्या क्षणी आपण काय सांगत होतो.

आकड्यांचा अर्थ ठाऊक नसल्यानेही बरीच भीती निर्माण होते. व्हिडिओचे मुखचित्र (थंबनेल) दिसलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम पाच जण तो उघडतात, याचे त्यांना फार दुःख होते. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेलांचे आणि व्हिडिओंचे हे प्रमाण दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असते, हे सांगितल्यावर त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावले. नापसंतीच्या आकड्याचेही तसेच. नोव्हेंबर 2021 पासून तो आकडा प्रेक्षकांना दिसत नाही, केवळ निर्मात्याला दिसतो. ज्या आकड्यामुळे आपली लाज जगापुढे गेली असे ते मानत होते, तो आकडा जगात फक्त त्यांनाच दिसत होता.

तरीही मुळाशी असलेला विचार हलत नव्हता. मी ज्या विचारधारेत घडले, ती मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली विवेकनिष्ठ विचारधारा आहे. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली हटवादी मागणी आपल्याला अधिक छळते, आणि माणसाच्या एखाद्या कृतीचे मूल्यमापन करता आले तरी संपूर्ण माणसाला गुण देता येत नाहीत, ही तिची दोन सूत्रे आज इतक्या वर्षांच्या कामानंतर मला अधिकच खरी वाटतात. या गृहस्थांची मागणी अशी होती की आपला प्रत्येक व्हिडिओ वाखाणला गेलाच पाहिजे आणि तो वाखाणला गेला नाही तर आपण या व्यवसायातच नालायक ठरतो. हे मी त्यांना लगेच सांगितले नाही, कारण समुपदेशकाने सांगितलेले सूत्र माणूस ऐकून घेतो आणि दाराबाहेर पडताना विसरतो. त्याऐवजी मी त्यांना विचारले, की तुम्ही स्वतः काही शिकण्यासाठी कोणाचे व्हिडिओ पाहता.

त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता खांद्याच्या दुखापतींवर बोलणाऱ्या एका तज्ज्ञांचा उल्लेख केला आणि त्यांच्याविषयी बराच वेळ भरभरून बोलले. ‘ते म्हणाले म्हणजे मी डोळे झाकून मान्य करतो,’ असेही म्हणाले.

“त्यांचे सबस्क्राइबर किती आहेत?”

“सबस्क्राइबर?” ते अडखळले. “खरं सांगू का, मी कधी पाहिलंच नाही.”

“मग विश्वास कशामुळे बसला?”

“जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं ते स्पष्ट म्हणतात. आणि आधी सांगितलेली एखादी गोष्ट बदलली, तर तेही स्वतःहून सांगतात.”

हे उत्तर मी त्यांनाच वहीत लिहायला लावले. त्याचा उपयोग इतक्या लवकर होईल, असे मात्र मला वाटले नव्हते.

पुढच्या भेटीला ते आले ते संतापलेले. कंबरदुखीवरील त्यांच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओखाली एका डॉक्टरांनी प्रतिक्रिया लिहिली होती. ‘सगळ्यांसमोर माझी लायकी काढली,’ असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिक्रिया काढून टाकायची आणि त्या डॉक्टरांना चॅनेलवर दिसेनासे करायचे, हे त्यांनी जवळपास ठरवले होते, आणि या दोन्ही सोयी निर्मात्याच्या हातात असतातच. मी एवढेच म्हटले, की काढण्याआधी ती मला मोठ्याने वाचून दाखवा.

त्यांनी वाचली. मजकूर असा होता, की व्यायाम योग्य आहेत, पण कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण जात असेल, मांड्यांमधला व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होत असेल किंवा पायांतली ताकद झपाट्याने कमी होत असेल, तर व्यायाम न करता तातडीने रुग्णालयात जावे, ही सूचना व्हिडिओत असायला हवी होती.

“यातलं तुमच्या लायकीबद्दलचं वाक्य कोणतं?”

त्यांनी फोन पुन्हा जवळ घेतला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज उतरला होता आणि वेगही मंदावला होता. मी गप्प राहिले. अशा वेळी बोलण्याचा मोह फार होतो, आणि तो आवरणे हे आमच्या व्यवसायातले सर्वांत अवघड कौशल्य आहे असे माझे मत आहे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “यात मी नाहीच आहे. यात फक्त व्हिडिओ आहे.” आणि नंतर, जवळजवळ स्वतःशीच, “आणि ते बरोबर सांगत आहेत. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला की असं होतं. शिकताना पाठ केलं होतं मी हे.”

ज्या सूत्रासाठी मी कित्येक भेटी वाट पाहिली होती, ते त्यांनी माझ्या मदतीशिवाय, स्वतःच्या शब्दांत उच्चारले. त्या क्षणी मला लख्खपणे जाणवले की टीका आणि आपण यांच्यामध्ये आपला व्हिडिओ उभा असतो. पण ज्याचा चेहरा आणि आवाज हेच त्याचे काम असते, त्याला ही मधली वस्तू दिसेनाशी होते. लेख लिहिणाऱ्याला कागद वेगळा ठेवता येतो. व्हिडिओ करणारा स्वतःच पडद्यावर असतो, त्यामुळे व्हिडिओतील उणीव दाखवणारे बोट त्याला थेट आपल्याकडे रोखलेले वाटते. म्हणून तीव्र प्रतिक्रिया आली, की ती मोठ्याने वाचावी आणि तिच्यातील प्रत्येक वाक्य कोणाविषयी आहे, आपल्याविषयी की व्हिडिओविषयी, हे बाजूला लिहावे, असे मी आता प्रत्येकाला सुचवते. काही प्रतिक्रिया खरोखरच केवळ शिवीगाळ असतात. त्या काढून टाकण्यात काहीही गैर नाही आणि त्यांना उत्तर देणे बंधनकारकही नाही.

दुरुस्तीचा मार्गही आम्ही तेथेच शोधला. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ ठेवता येत नाही. जुना काढला तर त्यावरील चर्चाही जाते. म्हणून त्यांनी धोक्याच्या लक्षणांची सूचना वर्णनाच्या पहिल्या ओळीत घातली, तीच स्वतःच्या प्रतिक्रियेत लिहून सर्वांच्या वर टाचून ठेवली, त्या डॉक्टरांचे आभार मानले आणि त्या लक्षणांवर स्वतंत्र छोटा व्हिडिओ केला. तो व्हिडिओ क्रमवारीत वर आला का, असे वाचकांच्या मनात येईल. नाही आला. क्रमांक सांगताना त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखाच होता.

व्यावसायिक पत कमावू पाहणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते, की संख्या ही पुष्कळ अंशी इतरांच्या आणि शिफारस यंत्रणेच्या हातात असते, परंतु ज्यावरून जाणती माणसे तुमच्याविषयी मत बनवतात ते बरेचसे तुमच्या हातात असते. आपल्या विषयाची हद्द कोठे संपते ते सांगणे, ऐकीव गोष्ट आणि अभ्यासलेली गोष्ट यांत फरक करणे, चूक झाली तर ती जेथे झाली तेथेच दुरुस्त करणे आणि पैसे घेऊन एखाद्या वस्तूविषयी बोलत असू तर ते सुरुवातीलाच जाहीर करणे, या गोष्टींची सवय पहिल्या व्हिडिओपासून लावून घ्यावी. प्रेक्षक वाढल्यावर ती लावू, असे म्हणणाऱ्यांना ती सहसा लागत नाही. प्रत्येक नवा विषय लोकप्रिय झाला म्हणून त्यावर बोलायला धावू नये, हेही यात आलेच. आज मणक्यावर, उद्या आहारावर आणि परवा गुंतवणुकीवर बोलणाऱ्याला प्रेक्षक मिळतात, पण मणक्याविषयी प्रश्न पडला की लोक त्याच्याकडे जात नाहीत. आणि झोप, भूक, कामातले लक्ष आठवडेच्या आठवडे बिघडलेले असेल, तर प्रश्न व्हिडिओपुरता उरलेला नसतो. तेव्हा तज्ज्ञांना भेटावे.

काही महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा भेटले. कंबरेला बांधायच्या एका पट्ट्याच्या जाहिरातीसाठी त्यांना विचारणा झाली होती. रक्कम मोठी होती, आणि पट्टा बांधला की कंबरदुखी कायमची जाते असे म्हणावे, ही अट होती. त्यांनी नकार दिला होता. “तुम्हाला विचारायला फोन करणार होतो,” ते म्हणाले, “पण मग वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे?”