सोलापूरहून हँड सर्जरीसाठी ब्रिटनला: टेंडनचा टाका किती मजबूत हवा?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात ऑर्थोचं एमएस संपत आलंय, पुढे ब्रिटनमध्ये हँड सर्जरीची फेलोशिप करायची आहे. आजवर बोटं वाकवणारे फ्लेक्सर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) दोन पदरी, म्हणजे कापलेल्या जागेतून धाग्याचे दोन पदर जाणाऱ्या, मॉडिफाइड केसलर टाक्यानेच शिवलेत. इकडे ब्रिटनमध्ये चार आणि सहा पदरी टाके घालतात असं ऐकलंत, तर त्यातला सगळ्यांत मजबूत कोणता, आणि निघण्याआधी कोणता हातात बसवून घ्यावा?

चार पदरी लॉकिंग क्रूशिएट, म्हणजे ज्याला ॲडलेड रिपेअर म्हणतात तो, ३-० धाग्याने, आणि त्यावर ६-० च्या, त्याहून बारीक धाग्याची एपिटेंडिनस, म्हणजे टेंडनच्या कडेने फिरणारी वरची शिवण. सहा पदरी इथे आल्यावर शिकता येईल. पण ‘सगळ्यांत मजबूत कोणता’ यापेक्षा, चौथ्या दिवशी पेशंट स्वतः बोट हलवू लागला की टाक्यावर किती ताण येणार, हे आधी विचारा.

तो ताण मोजलेला आहे. कार्पल टनेलच्या (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याच्या) शस्त्रक्रियेदरम्यान जिवंत माणसाच्या टेंडनवर घेतलेली मोजमापं १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्याने बोट हलवलं तर ९ न्यूटनपर्यंत, पेशंटने विनाअडथळा स्वतः वाकवलं तर ३५ पर्यंत, आणि चिमटीत जोर लावला तर १२० पर्यंत ताण येतो. आता टाके बघा. दोन पदरी केसलर साधारण २० ते ३० न्यूटनला तुटतो, चार पदरी ४० ते ५० च्या आसपास, सहा पदरी ६० च्या पुढे. त्यात सूज आणि ताठर सांधे ताण आणखी वाढवतात, आणि पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात टेंडनची टोकं मऊ पडून टाक्याची पकड कमी होते. म्हणून दोन पदरी टाक्यावर पेशंटला स्वतः बोट हलवू देणं धोक्याचं ठरतं, आणि हात प्लास्टरमध्येच ठेवला तर झोन टूचं, म्हणजे बोटातल्या अरुंद बोगद्यातलं, टेंडन आजूबाजूला चिकटतं.

यंत्रमागात किंवा कोयत्याने बोट कापलेला पेशंट अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून येतो आणि पुन्हा उगवतो तो थेट टाके काढायला. अशा वेळी प्लास्टरचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. लहान मुलांना तर इथेही प्लास्टरच घालतात. पण मोठ्या माणसाला इथे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हँड थेरपिस्टकडे पाठवतात, आणि ती सगळ्यात आधी तुमची ऑपरेशन नोट वाचते: किती पदर, कोणता धागा, एपिटेंडिनस घातली का, कुठली पुली (टेंडनला हाडालगत धरणारा पट्टा) किती उघडली. हे नोटमध्ये नसेल तर तिला हालचाल ठरवताच येत नाही. आत्तापासूनच नोट अशी लिहायची सवय लावा.

पदर मोजून काम संपत नाही. चार पदरी टाका दोन पदरीइतका दुबळा होतो, तो बहुतेक वेळा बाइटमुळे, म्हणजे सुई कडेपासून किती अंतरावर घातली त्यामुळे. कापलेल्या कडेपासून ७ ते १० मिमी मागे सुई घाला. ४-५ मिमीवर घातलीत तर धागा तंतूंमधून सरळ सरकून बाहेर येतो. लॉकच्या, म्हणजे तंतू आवळून धरणाऱ्या, फासात साधारण २ मिमी टेंडन आलं पाहिजे, चिमूटभर तंतू पकडले तर फास त्यांना कापत जातो. चारही पदरांवर ताण सारखा हवा, नाहीतर सगळा भार दोनच पदर उचलतात आणि आधी तेच तुटतात. गाठ मारताना दोन टोकं नुसती टेकवून थांबू नका. शिवलेला भाग सुमारे १० टक्के आखूड होऊन किंचित फुगीर दिसेल इतकं ओढा, पहिल्या हालचालीत तो फुगवटा बसतो. सैल गाठ मारली तर तिथे फट पडते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ३ मिमीपेक्षा मोठी फट राहिलेली टेंडन पहिल्या सहा आठवड्यांत ताकद धरत नाहीत असं दिसलं आहे. एपिटेंडिनस खरी उपयोगी पडते ती ही फट रोखायला. कडेपासून २ मिमीवर आणि जरा खोल घ्या, वरचं नुसतं पापुद्र्यासारखं पकडू नका.

सराव बोकडाच्या पायांवर होतो. मटणवाल्याकडून न भाजलेले पाय मागून घ्या. आचेवर केस जाळलेले असतील तर उष्णतेने कोलॅजन आक्रसतं आणि टाका नीट धरत नाही. टेंडन सलाइनच्या गॉजमध्ये ओलं ठेवा. शिवून झालं की एक टोक बांधून दुसरं बॅग तोलायच्या डिजिटल काट्याला लावा. पकड घसरते, म्हणून क्लॅम्पमध्ये सँडपेपर घाला. १ किलो म्हणजे ९.८ न्यूटन, तेव्हा ३५ न्यूटन साधारण साडेतीन किलोवर येतात. जाडी माणसाच्या टेंडनशी जुळत नाही, त्यामुळे आकड्याला चिकटून राहू नका, दोन टाक्यांमधला फरक बघा. २ किलोला थांबून पट्टीने फट मोजा, मग तुटेपर्यंत ओढा. धागा टेंडन चिरत बाहेर आला तर बाइट किंवा लॉक चुकला. गाठीपाशी तुटला तर पकड चांगली होती, धाग्याची मर्यादा आली. गाठ सुटली तर फेरे कमी पडले. फायबरवायरसारखा गुळगुळीत धागा असेल तर मी सहा फेरे सांगेन.

टाका जाड होत गेला की तो पुलीखाली अडकतो, म्हणून आठ पदरांच्या मागे लागू नका. गरज पडली तर ए-फोर पुली (बोटाच्या मधल्या हाडावरची) पूर्ण किंवा ए-टूचा (बुडाच्या हाडावरची) दोन तृतीयांशपर्यंत भाग उघडता येतो, बाकीच्या पुली शाबूत असतील आणि एकूण उघडलेली लांबी २ सेंमीच्या आत असेल तर. वॉलंट, म्हणजे लिग्नोकेन-ॲड्रिनलिनने फक्त हात बधिर करून, रक्त अडवणाऱ्या टूर्निकेटच्या पट्ट्याशिवाय ऑपरेशन, तिकडेच शिकून घ्या. पेशंटला टेबलावरच पूर्ण मूठ वळायला आणि उघडायला सांगायचं. फट पडली किंवा टाका अडकला, तर त्वचा बंद करण्याआधी कळतं.

लॉगबुकात नुसता केसचा आकडा ठेवू नका. बारा आठवड्यांनी पेशंटला बोलवा, पीआयपी आणि डीआयपीचं (बोटाचा मधला आणि टोकाकडचा सांधा) स्वतःहून होणारं वाकणं अंशांत मोजा, त्यातून राहिलेला सरळ होण्यातला तुटवडा वजा करा, १७५ ने भागून १०० ने गुणा. ८५ आणि त्यावर उत्तम, ७० ते ८४ चांगलं, ५० ते ६९ बरं, त्याखाली वाईट. मुलाखतीत टेंडनचा विषय निघाला तर दहा केसचे असे निकाल पन्नास केसच्या यादीपेक्षा जास्त बोलतात, त्यातले दोन-तीन वाईट असले तरी.