अर्ज पोरानंच द्यावा

खानापूरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा लहानपणापासून कमी ऐकतो. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लागला. सुपरवायझर कन्नडमध्ये सांगतात ते त्याला नीट कळत नाही, त्यानं बनवलेले दोन जॉब (सुटे भाग) रिजेक्ट झाले. ‘आम्ही दोघं जाऊन साहेबांच्या पाया पडू का?’ असं त्या विचारतात.

ताई, जाऊ नका. आईबाप गेटवर दिसले की पोरगा साहेबांच्या नजरेत कायमचा ‘बिचारा’ होतो. अर्ज त्यानंच द्यायचा.

तुम्ही लिहिलंय, घरी त्याला सगळं समजतं. समजणारच, तो तुमचे ओठ वाचतो आणि ते मराठी बोलतात. सुपरवायझरचे ओठ कन्नड बोलतात, तेही बहुतेक पाठमोरे. (चांगल्या कानाची आपली पोरंसुद्धा तिथं सुरुवातीला गोंधळतात!) श्रवणयंत्र घातलं तरी ते मशीनचा आवाजही मोठा करतं. म्हणून ‘मला सांभाळून घ्या’ असं मोघम लिहू नये. मापं आणि बदल तोंडी न सांगता जॉब कार्डवर लिहून द्यावेत, बोलताना समोर उभं राहावं, अलार्मला आवाजासोबत दिवा असावा, एवढंच मागावं. यातला खर्च फक्त दिव्याचा. रिजेक्ट झालेल्या त्या दोन जॉबचा उल्लेख त्यानं स्वतःच करावा. तोंडी सूचना कळली नाही म्हणून ते गेले, हे साहेबांना लगेच पटेल.

अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असू दे. सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा. कार्ड नसेल तर आधी ऑनलाइन अर्ज करा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

कायद्याचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा सोयींना ‘वाजवी सोय’ म्हटलंय. त्या देण्याचं थेट बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खाजगी कारखान्याच्या बाबतीत तेवढं स्पष्ट नाही, उगाच आशा लावत नाही. पण 20 किंवा जास्त कामगार असतील तर समान संधी धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी लिहाव्या लागतात आणि संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. एचआरकडे ते धोरण त्यानं मागावं. पहिल्याच अर्जात कलमं मात्र घालू नयेत. साहेब कामाचं ऐकतात, कलमं वाचली की वकिलाकडे जातात.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला सांगा. आणि उत्तर येईपर्यंत कन्नडमधले आकडे ओठांवरून ओळखायची सवय घरीच सुरू करा. ओंदु, एरडु, मूरु. तुम्हाला येतातच की!