पाकीट परत आलं

"मॅडम, काकांनी आम्ही दिलेलं पैशाचं पाकीट परत केलं. वर दोन दिवस आमच्या खाटेकडं फिरकले नाहीत. मला लई मिंधं वाटायलंय."

घनसावंगीकडचा तरुण शेतकरी. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, मग तीस शेक (रेडिएशन). आठवड्याला पाच, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात सहा आठवडे मुक्काम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आता कॅन्सर वॉर्डातले स्वयंसेवक. केसपेपरची रांग कुठली, योजनेच्या फाइलला रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली का, हे ते बघत. कॅन्सरच्या पेशंटला एसटीत सवलत असते, हेही या मुलाला त्यांच्याकडूनच कळलं. चौथ्या आठवड्यात अण्णांचं तोंड आतून सोललं. ते पाणीसुद्धा घेईनात, नाकातली नळीही नको म्हणाले. काका तासभर शेजारी बसून जालना-घनसावंगी रस्त्यावरच्या थांब्यांच्या गप्पा मारत राहिले. बोलता बोलता अण्णांनी अर्धा पेला दूध घेतलं.

उपकार फेडायचे कसे, हा प्रश्न माझ्याकडं सतत येतो. कुणी तुरीची डाळ आणतं, कुणी शाल-श्रीफळ. ५ डिसेंबरला, जागतिक स्वयंसेवक दिनी, सत्कारही होतात. मला त्यातल्या फोटोंच्या घाईचा कंटाळा येतो, पण ते असो. पैसे न घेण्यामागं मात्र साधं कारण आहे. एकानं पाकीट दिलं की शेजारच्या खाटेवरचा, ज्याच्या खिशात परतीचं भाडंही नसतं, तो मदत मागायला कचरतो.

"मग चिठ्ठी लिहून द्या," मी म्हणाले. ही माझी चूक. तो दहा मिनिटं पेन धरून बसला आणि 'आभारी आहोत' एवढंच लिहून घामाघूम झाला.

त्याला विचारून मी काकांशी बोलले. ते दोन दिवस भाच्याच्या लग्नाला गेले होते. रागबिग काही नव्हता. "पाकिटाचं सोडा हो," ते म्हणाले. "पेशंट गावाकडं गेला की पुढं काय झालं, कळतच नाही. गाडीवर होतो तेव्हा माणूस कुठं उतरला, ते तरी दिसायचं."

मी मुलाला म्हटलं, "लिहू नका. कोणत्या दिवशी काय उपयोगी पडलं, ते तोंडानं सांगा. आणि घरी गेल्यावर फोन करा."

"अन् वाईट काही झालं तर?"

"तरीही करा."

तो बराच वेळ गप्प बसला. माणूस गेल्यावर नातेवाईक स्वयंसेवकाला टाळतात, हे मी बघितलंय. दुःखात हिशेब राहिल्यासारखं वाटतं त्यांना. इकडं स्वयंसेवक मनाशी म्हणत राहतो, आपलंच काही चुकलं का?

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी त्यानं काकांना त्या अर्ध्या पेल्याची आठवण सांगितली. काका ती संध्याकाळ विसरूनही गेले होते.

जानेवारीत काका चहाला आले. फोन आला होता म्हणे. शेतात हुरडा निघालाय, अण्णांना चावत नाही म्हणून सुनेनं वाटून दिला.

"तिखट अजून सोसत नाही त्यांना," काका बशीत चहा ओतत म्हणाले. "अन् घनसावंगीची गाडी अजून उशिराच येते."