सजग स्वप्नांचा सराव कोठून सुरू करावा?

प्रश्न : स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान येते, त्याला ल्युसिड ड्रीम किंवा सजग स्वप्न म्हणतात, असे वाचनात आले. तेव्हापासून मी दिवसभर अधूनमधून तळहात निरखून ‘मी स्वप्नात तर नाही ना?’ असे स्वतःला विचारतो. बरेच दिवस झाले, तरी तसा अनुभव आला नाही. एरवीही सकाळी मला स्वप्ने आठवत नाहीत. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक

उत्तर : स्वप्ने आठवत नाहीत, हीच आपली खरी अडचण आहे. सजग स्वप्न पडले आणि सकाळपर्यंत विसरले गेले, तर ते पडले होते हे आपल्याला कळणार तरी कसे? म्हणून प्रथम उशाशी वही ठेवावी. जाग येताच कूस न बदलता आणि मोबाइलला हात न लावता, जे आठवेल ते मनात उजळावे आणि मगच लिहावे. नुसती भीती किंवा एखादा चेहरा आठवला, तरी तेवढेही लिहावे. काही आठवड्यांत जुनी शाळा, चुकलेली गाडी अशा त्याच त्या गोष्टी वहीत दिसू लागतील. आपले स्वप्न ओळखण्याच्या खुणा त्याच.

तळहात पाहणे वाईट नाही. परंतु सवयीने विचारलेल्या प्रश्नाला स्वप्नातही सवयीचेच उत्तर मिळते. त्यापेक्षा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहावा, कारण स्वप्नात तो बहुधा सहज घेता येतो. आणि त्या क्षणी ‘मी इथे कसा आलो?’ हे खरोखर आठवून पाहावे.

माझ्या मते दिवसाच्या चाचण्यांपेक्षा रात्रीची वेळ अधिक महत्त्वाची आहे. ठळक स्वप्ने पडतात ती रेम झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे सुमारे पाच तास झोपून उठावे, थोडा वेळ जागे राहावे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, त्यात आपल्याला भान आले आहे अशी कल्पना करावी आणि ‘पुढच्या स्वप्नात मी स्वप्न पाहतो आहे हे मला आठवेल’ असा संकल्प करत पुन्हा झोपावे. ही संकल्पाची रीत स्टॅनफर्डमधील संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी रूढ केली. डेनहम अ‍ॅस्पी यांच्या २०१७ मधील ऑस्ट्रेलियातील अभ्यासात चाचणी, पहाटेची जाग आणि संकल्प या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश मिळाले. संकल्पानंतर पाच मिनिटांत झोप लागली, तेव्हा हे प्रमाण जवळजवळ ४६ टक्के होते. म्हणून दिवे लावून फार वेळ बसू नये.

भान येताच आनंदाने जाग येण्याचा संभव असतो. अशा वेळी स्वप्नातच हात एकमेकांवर चोळावेत आणि आजूबाजूचे बारकाईने पाहावे. पहाटे उठण्याचा प्रयोग मात्र सुटीच्या आदल्या रात्रीच करावा आणि त्या दिवशी लवकर झोपावे. भास होणे किंवा मनोविकाराचा त्रास असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.