हाताला न लागणारी स्तनातली गाठ ऑपरेशनच्या वेळी सापडते कशी? तारेची पद्धत जुनी, मग आईला पुण्याला न्यावं का?

तुमच्या आईची गाठ मॅमोग्राफीत दिसली, बायॉप्सीत कॅन्सर निघाला, पण हाताला काहीच लागत नाही. आता सर्जन ऑपरेशनच्या सकाळी गाठीची जागा दाखवणारी तार घालायची म्हणतात, आणि नव्या पद्धतींसाठी सोलापूर सोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात मॅमोग्राफी टेक्निशियन आहे. तार जुनी आहे एवढ्याच कारणासाठी आईला हलवू नका.

गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर आईला आडवं झोपवून तार घालतात. नुसते कॅल्शियमचे बारीक कण असतील तर ते सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. मग मॅमोग्राफी मशीनवर स्तन दाबून धरावा लागतो. आधी सुन्न करायचं इंजेक्शन, मग पोकळ सुई, आणि तिच्यातून बारीक तार. तारेच्या टोकाला आकडा असतो, तो आत रुतून बसतो. सुई काढतात, बाहेरचं टोक गॉजखाली चिकटवतात आणि दोन बाजूंनी फोटो काढून सर्जनकडे पाठवतात.

दुखण्यापेक्षा चक्करच जास्त येते. उपाशीपोटी, अवघडून बसलेलं असतं ना! विडी वळणाऱ्या एका मावशी माझ्या खांद्यावरच कलंडल्या होत्या. आईला आधी कधी अशी चक्कर आली असेल तर आम्हाला सांगा. मॅमोग्राफी एकीकडे आणि ऑपरेशन दुसरीकडे असेल तर रिक्षाचे हादरे नकोत, गाडी ठरवा. तार सरकू शकते.

नव्या पद्धतींत तारेऐवजी चुंबकीय किंवा किरणोत्सारी आयोडीनचा दाणा काही दिवस आधीच बसवता येतो, त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळची धावपळ वाचते. हा फायदा खराच आहे. पण गाठ पूर्ण निघण्याच्या बाबतीत तारेपेक्षा फार मोठा फरक दिसलेला नाही. गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर थिएटरमध्येच सोनोग्राफी लावून काढता येईल का, हेही विचारा; मग तारही लागणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे: काढलेल्या तुकड्याचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी टाके घालण्याआधी होणार का? कण किंवा बायॉप्सीच्या वेळी खुणेसाठी आत ठेवलेली बारीक क्लिप त्या तुकड्यात दिसली पाहिजे. ती कडेला दिसली तर सर्जन तिथल्या तिथे थोडा भाग आणखी काढतात. ही सोय नाही म्हणाले, तर मात्र दुसरीकडे विचारा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्या जिल्ह्यातच आहे.

आधी केमो द्यायचं ठरलं तर क्लिप केमोआधीच बसवून घ्या. औषधाने गाठ विरघळली की जागा शोधायला तेवढीच खूण उरते.

त्या दिवशी आईला पावडर लावू देऊ नका, फोटोत ती कणांसारखी दिसते. आणि पुढून उघडणारा ब्लाउज घालून आणा. डोक्यावरून काढायचा कपडा तारेला अडकतो.